टांगा मंडळाची गुलछडी

नंदुरबार स्टेशनाबाहेर टांगे एका ओळीत उभे राहायचे आणि त्यांतला मेहबूबचा कोणता हे कुणाला विचारावं लागत नसे. गिऱ्हाईक सोडून जो टांगेवाला घोडीशी गप्पा मारत बसलेला असेल, तो मेहबूब. घोडीचं नाव गुलछडी. पांढरीशुभ्र, कानांच्या टोकांशी तेवढी करडी, आणि स्वभावाने अशी की सामान जास्त लादलं तर मान वळवून गिऱ्हाइकाकडे टक लावून बघायची. तिने बघितलं की गिऱ्हाईक लाजून एक बोचकं आपल्या मांडीवर घेतं, असं मेहबूब सांगे. मेहबूबच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण घोडी शहाणी होती हे खरं.

ही घोडी त्याने शिंगरू असताना सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणली होती. पुढचा एक पाय आत वळलेला. "हाई टांगाले काय कामनी? घर लई जाय, पोऱ्हेसले खेळाले व्हई," असं म्हणून तिथले सौदागर पोट धरधरून हसले होते. मेहबूब आणि त्याची बायको सलीमा यांनी तो पाय कोमट तेलाने चोळचोळून सरळ केला. घोडी टांग्याला लागली, घर चालवू लागली. पण ते हसणं काही मेहबूबच्या कानातून गेलं नाही. एकदा, फक्त एकदा, त्याच मैदानात त्याच सौदागरांच्या डोळ्यांदेखत गुलछडीला हाकायचं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

ती फिटायची वेळ छत्तीस साली आली. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत त्या वर्षी पंचांनी टांग्यांची चढाओढ ठेवली. नुसती पळवापळवी नव्हे. मैदानात मडक्यांच्या जोड्या मांडायच्या, प्रत्येक मडक्यावर एक लिंबू ठेवायचं आणि दोन मडक्यांच्या मधून टांगा काढायचा. दोन्ही चाकांच्या बाहेर चार चार बोटं जागा. ज्याची लिंबं कमी पडतील तो पहिला. ढोल थांबायच्या आत शेवटच्या जोडीतून बाहेर पडायचं, नाहीतर दोन लिंबं पडली असं धरायचं. एका गावाचा एकच टांगा, आणि त्यात हाकणारा धरून तीन माणसं बसलेली हवीत.

आपल्याकडे मंडळ काढायला काम लागत नाही, अध्यक्ष लागतो. तो तयारच होता. उत्तमचंद शेठ, कापडाचे व्यापारी; पिढ्या झाल्या तरी घरात मारवाडी आणि दुकानात आपली अहिराणी. शरीराने भरभक्कम आणि आवाजाने त्याहून भक्कम. त्यांनी दुकानाच्या ओट्यावर चार लोक जमवले, चहा सांगितला आणि नंदुरबार टांगा मंडळ स्थापन झालं. हाकायला मेहबूब, मागे बसायला स्वतः शेठ आणि पातोंड्याचा हिलाल पाटील. हिलाल हा कापूस पिकवणारा माणूस, अंगाने इतका सडपातळ की शेठच्या शेजारी बसला की दिसत नसे.

तालीम सुरू झाली ती स्टेशनापलीकडच्या पडीक माळावर. पहिल्याच दिवशी शेठ मागे बसले आणि टांग्याच्या दांड्या आभाळाकडे निघाल्या. टांगेवाले याला उलाळ होणं म्हणतात. मागे भार जास्त झाला की पुढचं वर उचललं जातं, पोटाखालचा पट्टा घोडीला आवळतो. आणि पुढे जास्त झाला तर सगळं वजन तिच्या पाठीवर येतं. मेहबूबने हे समजावून सांगितलं तेव्हा शेठ चिडले.

"तराजू तू मले शिकाडस? जनम गया मन्हा तराजूमा!"

"मंग शेठ, आते तराजूवर नही, तराजूमा बसानं शे," मेहबूब म्हणाला.

हिलाल हसून हसून टांग्यातून खाली उतरला. पण खरं सांगायचं तर शेठ पटकन शिकले. मेहबूबने "शेठ, म्होरे!" म्हटलं की ते पुढे सरकायचे, "हिलालभाऊ, डावीकडे!" म्हटलं की हिलाल डावीकडे कलायचा, आणि टांगा मडक्यांच्या मधून पाण्यासारखा जायचा. आठवडाभरात लिंबू पडेनासं झालं. शहाद्याच्या टांग्याचा पराभव कसा करायचा याऐवजी त्यांना नंतर काय बोलून डिवचायचं, यावर मंडळात चर्चा होऊ लागली.

मग शेठना एक उदार विचार सुचला. उदार विचारांचं असंच असतं, ते विचारून येत नाहीत. मंडळाची घोडी मेहबूबच्या गळक्या छपराखाली का म्हणून राहावी? आपल्या दुकानामागे पक्का तबेला आहे, हरभरा आहे, गूळ आहे. जत्रेपर्यंत गुलछडीचा मुक्काम आपल्याकडे, दाणापाणी आपलं. मेहबूबने जड मनाने हो म्हटलं. घोडीच्या पोटाला चांगलं मिळणार असताना आपण कोण मोडता घालणार, असं त्याला वाटलं.

तबेल्यावर राज्य शेठच्या आईचं, झमकूबाईंचं. वय सत्तरीच्या पुढे, पांढरं लुगडं, आणि धर्माने इतक्या कडक की घरातली मांजरंसुद्धा दिवेलागणीनंतर आवाज करत नसत. त्यांनी गुलछडीला पाहिलं आणि त्या विरघळल्याच. "बई, कितली देखनी पोर शे!" म्हणाल्या आणि आपल्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मेहबूब निर्धास्त घरी गेला.

थोड्याच दिवसांत रमजान लागला आणि गुलछडी बिघडायला लागली. आधी चाल मंदावली. मग वळताना मागचा पाय घसटू लागला, आणि मडक्यावरची लिंबं पुन्हा टपाटप पडू लागली. बरगड्या दिसू लागल्या. गंमत अशी की शनिवारी घोडी एकदम झकास असे. शनिवारी एक लिंबू हलायचं नाही. रविवारी ती बरी, सोमवारी तशीच, आणि गुरुवारपर्यंत मान खाली घालून उभी. हिलालने दृष्ट काढली. शेठनी शनीला तेल वाहिलं, कारण ज्या वाराला घोडी बरी त्या वाराचा देव राजी असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नालबंदाने चारही नाल काढून पुन्हा ठोकले. मेहबूब रात्र रात्र तळमळायचा. कुणी काय चारलं, काय केलं, त्याला काही कळेना.

अखेर मंडळाने ठरवलं, आणि शेठनीच ते मेहबूबला सांगितलं.

"दख मेहबूब, गावनी इज्जतना सवाल शे. शुक्रवारले सांजनी बैठक शे. घोडी अशीच ऱ्हायनी तर हारुनना घोडा लई जासूत, आनि हाकी बी हारुनच."

हारुन त्याच ओळीतला टांगेवाला, काळा काठेवाडी घोडा बाळगून असलेला. मेहबूब उठून तबेल्यात गेला. गुलछडीच्या मानेवर हात ठेवून तो उभा राहिला. सारंगखेड्याचं मैदान, ते सौदागर, सगळं हातातून निसटत चाललं होतं. पण त्याहून जास्त भीती त्याला दुसरीच वाटत होती. ही वाचेल ना, असं पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

शुक्रवारी तो टांगा जोडत नसे. दुपारची नमाज झाली आणि बैठकीआधी घोडीला एकदा बघून यावं म्हणून तो दुकानामागे गेला. पाहतो तर झमकूबाई पाटावर बसलेल्या, पुढ्यात टोपलीभर भिजवलेला हरभरा आणि गूळ, आणि गुलछडी खाते आहे. खाते म्हणजे अशी खाते आहे की मेहबूबची चाहूल लागूनही तिने मान वर केली नाही. हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"माजी, इतलं खाई ऱ्हायनी ही?" त्याने विचारलं.

"दर शुक्रवारले इतलं खाई लेस. बाकीना दिन तू खावाडस ना भरपूर?"

"मी?" मेहबूब गोंधळला. "शेठनी सांगं व्हतं, दानापानी तुमनाकडे शे म्हनीसन."

"शेच ना आमनाकडे. पन तू तिले लई येस दिवा लागावर. दिवा लागावर आमना जैन घरमा कोनाले घास नही. अंधारमा दानामा जीवजंतू दिसतस का?"

"आनि सकायले?"

"सकायले तू चांदन्या शेतस तवय लई जास. सूर्य उगीसन घडीभर व्हवाशिवाय आमनं कोनंच तोंड उघडस नही." झमकूबाईंनी त्याच्याकडे जरा नवलानेच पाहिलं. "ती आमना घरमा ऱ्हास. घरना नेम तिले पाळना पडी का नही? मी म्हनं, दिनभर टेसनवर तू खावाडस, तिनं पोट भरेल शे. दुपारले तू काय देस तिले?"

मेहबूबला तोबरा आठवला. दुपारी तो आपली भाकरी सोडायचा तेव्हा घोडीच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधायचा. सलीमा भाकरीचं फडकं आणि तोबरा बरोबरच हातात द्यायची, वर्षानुवर्षांची सवय. रमजान लागला, भाकरी बंद झाली, आणि भाकरीबरोबर तोबराही घरीच राहिला. शेठच्या घरी ती पोटभर खात असेल, असं धरून तो दिवसभर भाडी मारत होता.

पहाटे नेम, रात्री नेम आणि दुपारी रोजा. स्टेशनाच्या कडेचं गवत आणि उतारूंनी टाकलेला ऊस, एवढ्यावर ही घोडी टांगा ओढत होती. पंचक्रोशीत इतकं धर्माचरण एकट्या जिवाने कधी केलं नसेल.

मेहबूबने गुलछडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "माजी, दिनले तिले मन्हा रोजा घडना आनि रातले तुमना नेम," एवढं तो कसंबसं म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. झमकूबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांच्या हातातला गुळाचा खडा टोपलीत पडला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "मुंगी मरू नये म्हनीसन जपनू, आनि घोडी मारी ऱ्हायनू व्हतू!"

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक ओट्यावर भरली होती. शेठनी खाकरून हारुनच्या घोड्याचं नाव काढलं, तोच डोक्यावरून पदर ओढून झमकूबाई बाहेर आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी आल्या नव्हत्या. उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. "दोष घोडीना नही, मन्हा शे," म्हणाल्या. मेहबूब मागून म्हणाला, "मन्हा बी शे." शनीला वाहिलेल्या तेलाची आठवण होऊन शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आधी हिलालला हसू आवरेना, मग हळूहळू सगळ्यांनाच.

तरी मंडळ ते मंडळ. खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी हारुनच्या घोड्याची परीक्षा घेतलीच. धावायला तो वारा होता, पण मडकं दिसलं की लाथ झाडायचा. संध्याकाळपर्यंत माळावर एक मडकं शाबूत उरलं नाही. हारुन स्वतःच म्हणाला, "दादा, हाऊ लढाईले लई जावाना घोडा शे, लिंबूले नही." आणि गुलछडीची जागा कायम झाली.

ती मेहबूबच्या छपराखाली परत आली. पहाटे सहेरीला, रोज्याआधीच्या जेवणाला, उठलं की सलीमा आधी तिच्यापुढे दाणा ठेवायची, मग नवऱ्यापुढे ताट. दुपारी झमकूबाई स्वतः तोबरा घेऊन स्टेशनावर पायी यायच्या. रोजा असलेला मेहबूब तोबरा धरून उभा, शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या माजी, आणि मधे गुलछडी कुरूम कुरूम चावते आहे, हे पाहायला गाडीतले उतारू खिडकीशी यायचे. ईद झाली तोवर बरगड्या झाकल्या होत्या. पण अंगावर मांस चढलं तरी दम इतक्यात परत येत नाही, हे मेहबूबला ठाऊक होतं. दौड लांबली की तिच्या कुशी अजून धापत होत्या. मंडळाला त्याने ते सांगितलंही. मंडळ फेट्याचा रंग ठरवण्यात गुंतलं होतं.

जत्रेच्या दिवशी सारंगखेड्याच्या मैदानाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंच होते डोंगरसिंग रावळ, मिशांना पीळ दिलेले, खुर्चीत बसलेले. ढोलावर सातपुड्यातला आमशा. आणि एका कडेला खाटा टाकून घोड्यांचे सौदागर. मेहबूबने त्यांना लांबूनच ओळखलं. केस पिकले होते, पण तेच.

तळोद्याच्या टांग्याने चार लिंबं पाडली. शहाद्याच्या टांग्याने एकच, आणि तिकडच्या लोकांनी टोप्या उडवल्या. मग नंदुरबारचं नाव पुकारलं गेलं.

आमशाची टिपरी ढोलावर पडली. "शेठ, म्होरे!" टांगा पहिल्या जोडीतून निघाला. "हिलालभाऊ!" दुसरी जोडी, तिसरी. गुलछडी कान टवकारून, पावलं मोजून टाकत होती. लिंबू हलत नव्हतं. मैदानाच्या मध्यावर सौदागरांच्या खाटा आल्या. तिथली बडबड थांबलेली मेहबूबला ऐकू आली. एक म्हातारा उठून उभा राहिला होता. ज्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला ते हेच होतं, आणि ते अगदी तसंच घडत होतं जसं त्याने मनात पाहिलं होतं.

तेवढ्यात लगामातून त्याला काहीतरी जाणवलं. घोडीच्या कुशी भात्यासारख्या हलू लागल्या होत्या. तीन जोड्या उरलेल्या. ढोलाची गत चढली, म्हणजे तो आता थांबणार.

"मार मेहबूब, मार!" मागून शेठ ओरडले. "एकच मार! जिकनूत आपन!"

ज्या घरात मुंगीवर पाय पडू देत नाहीत त्या घरचा हा माणूस उभ्या मैदानात "मार, मार" म्हणून ओरडत होता, आणि त्याची आई सलीमाच्या शेजारी पुढच्याच रांगेत बसली होती.

चाबूक मेहबूबच्या हातात होता. एक फटका दिला असता तर गुलछडी धावली असती, हे तो जाणून होता. तो जे मागेल ते ती द्यायची. उपाशी असतानाही दिलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने चाबूक पायाखाली टाकला आणि लगाम सैल सोडला.

"चाल माय," तो म्हणाला, "तुन्ही चालवरी चाल."

गुलछडी चालू लागली. नुसती चालू लागली, बाजाराला निघाल्यासारखी. एक जोडी गेली. दुसऱ्या जोडीत चाकं असताना ढोल थांबला. लोक ओरडत होते, सौदागरांपैकी कुणी हसलंही असेल. मेहबूबला ऐकू आलं नाही, तो तिचे श्वास ऐकत होता. शेवटच्या जोडीतूनही ती डौलात बाहेर आली. सगळी लिंबं जागच्या जागी होती.

डोंगरसिंगांनी नियम वाचला. उशीर झाला, दोन लिंबं धरली. शहाद्याला पहिला नंबर आणि फेटा, नंदुरबारला दुसरा नंबर आणि नारळ.

"एक मारता तर काय बिघडतं?" टांग्यातून उतरताना शेठ धुसफुसले.

"शेठ, इतला दिन तिनी आपला दोन्हीसना नेम पाळात. कालदिन कोठे पोट भरनं, आनि आज चाबूक देऊ?"

शेठ काही बोलणार इतक्यात झमकूबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "कोन म्हनी ऱ्हायनं व्हतं, मार मार?"

गावाच्या पंचांना न जुमानणारे उत्तमचंद शेठ आपल्या जोड्यांकडे बघत राहिले.

घोडीला रात्रभर विसावा देऊन दुसऱ्या दिवशी सगळे परत निघाले, तेव्हा तापीकाठचा चढ लागला. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी शेठ आपणहून खाली उतरले आणि धोतर सावरत, धापा टाकत टांग्याशेजारून चालू लागले. त्यांच्यामागे हिलाल उतरला. चढ संपल्यावरही दोघे परत चढले नाहीत. बाकीची वाट त्यांनी मागून येणाऱ्या हिलालच्या बैलगाडीत काढली आणि टांग्यात फक्त सलीमा आणि माजी बसल्या. नंदुरबारच्या फाटकाशी शेठ पुन्हा उतरले, गुलछडीचा लगाम त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि ते पायी गावात शिरले. जो विचारील त्याला सांगत होते, "शहादावालासना पयला नंबर उना. मी मार म्हनं व्हतं, पन मेहबूबनी मारं नही. बरं करं त्यानी." इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाने ते इतक्या हळू सांगितलं की लोकांना दोनदा विचारावं लागलं.

स्टेशनापाशी पोचेपर्यंत दिवे लागले होते. मेहबूबने घोडी सोडली आणि सलीमाने टांग्यातून हरभऱ्याचा तोबरा काढला. झमकूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"ते आथा दे."

"माजी, दिवा लागी गयात," मेहबूब म्हणाला.

"माले दिसस. नेम मन्हा शे, भूक तिनी शे. तू कंदील जवळ धर."

मेहबूबने कंदील खाली धरला. झमकूबाईंनी पदर पसरून हरभरा त्यावर ओतला आणि एकेक दाणा बोटांनी सरकवून, डोळ्यांशी नेऊन, त्यात कुठे जीव नाही ना हे नीट पाहू लागल्या. गुलछडीला तेवढा धीर नव्हता. तिने मान लांब करून पदरातच तोंड घातलं, आणि माजींनी तिला खाऊ दिलं.